अर्धा कप

कुपवाडच्या एमआयडीसीत, तापल्या पत्र्याखाली
दस्तगीर मुजावर ब्लॉकवर ओणवा.
चारही सिलिंडरांत आधी बोअर गेज,
मग नुसतंच बोट.

मी म्हणतो, तीन मिलिमीटर काढा, चाचा.
सुपरचार्जर बसलाय, आता पोटही मोठं हवं.
दंडोबाचा चढ तिसऱ्या गिअरात निघायला पाहिजे.

तो छोट्या हातोडीनं
दुसऱ्या-तिसऱ्यामधली भिंत वाजवतो, कान लावतो.
डावा कान प्रेसशॉपनं कधीच नेला;
उजवा पुरतो.
"तू हवा कोंबणार. ती रेटणार कुणाला?
ह्या भिंतीलाच की.
एक मिलिमीटर. केसभर जास्त न्हाई."

मशीन फिरतं.
खाली कागदावर राखाडी चुरा साठतो,
माझ्या दोन पगारांचा.

किती वाढलं?
शटरवर खडूनं तो गुणाकार मांडतो,
एकदा चुकतो, थुंकी लावून पुसतो:
एक्केचाळीस सीसी.
मग किटली तिरकी करून
अर्धा कप चहा ओततो.
"हे बघ. एवढं."

भोंगा होतो. पलीकडच्या फाउंड्रीची पाळी सुटते.
मी कप धरून बसलोय,
वर साय धरत चाललीय.

एवढ्यात
दंडोबा मावायचाय.