बारा मिलिमीटर

इंजिनाखाली जॅक, जॅकखाली बर्चची फळी.
पुढचं चाक जमिनीपासून बोटभर वर.
उर्मस म्हणतो, वळणावर गाडी चपळ होते
पुढून जरा खाली बसवली की.
मी टॉर्च धरते.

आधी वरच्या पकडीचे बोल्ट, मग खालचे.
फोर्कची नळी दोन्ही हातांनी पिळत
तो वर सरकवतो. कण्हते, अडते, मग एकदम येते.
"किती?"
"बारा."
दुसरी बाजू साडेअकरा भरते.
अर्ध्या मिलिमीटरसाठी
सगळं पुन्हा सैल.

मार्चपासून नवा खुबा आहे त्याच्या उजव्या अंगात,
तार्तूच्या डॉक्टरीणबाईंनी बसवलेला,
आणि पाय किती आखूड झाला ते कागदावर आहे,
कागद मायक्रोवेव्हवर, काळ्या पावाच्या डब्याखाली.
त्यावर आम्ही बोललेलो नाही.

पाना टक् करतो.
जॅक उतरतो, गाडी बसते.
तो टांग टाकतो, पूर्वीपेक्षा जपून,
आणि दोन्ही बूट शेडच्या फरशीवर टेकवून पाहतो.
उजवी टाच अजून अधांतरीच.

"मागूनही उतरवावी लागेल," म्हणतो,
"वळणासाठी."
"हो, वळणासाठीच,"
म्हणत मी सतराचा पाना शोधायला लागते.