डावी बाजू

सतरा नंबर उजवीकडे फिरतोय.
मिनिटाला नऊ फेऱ्या.
मी रेघा मारते, पाचवी आडवी,
दूधवाल्याच्या हिशेबासारख्या.

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मेंदूत
डाव्या बाजूला चार मायक्रोलिटर विष सोडलं.
ते बर्फावर ठेवायचं, उजेडापासून लांब,
नाहीतर कोकमाच्या पाण्यासारखं लाल होतं, वाया जातं.
त्याआधी अर्धा तास पार्जिलिन:
झाडलोट करणाऱ्या विकराला सुट्टी,
म्हणजे विषाला कुणी अडवत नाही.

बाळाराम मढवी भुसा बदलायला येतो.
"मॅडम, हा सारखा काय शोधतो?"
"डोपामिन."
तो मान डोलावतो,
जणू घणसोलीच्या पुढचं एखादं गाव.

रबाळ्याच्या या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खाणीनं एका अंगानं कापलेला.
"तिथं आम्ही करवंदं काढायचो," बाळाराम सांगतो
आणि बोट दाखवतो
ते हवेत.

उद्या सतरा नंबरचे दोन भाग होतील,
प्रत्येकी काही मिलिग्रॅम, फॉइलमध्ये, वेगवेगळ्या चिठ्ठ्या.
यंत्र उजव्याचं शिखर काढील,
टोकदार, सातव्या मिनिटाला.
डाव्याची रेघ सपाट जाईल.

तिथं शून्य लिहायचं नसतं.
लिहायचं: मोजता येण्याइतकं नाही.
काहीतरी असेलही,
आपलं यंत्र तिथवर पोचत नाही.

फेऱ्या थांबल्या.
सतरा नंबर नळीपाशी आलाय, पाणी पितोय,
मान अजून थोडी उजवीकडे.
मी वेळ लिहिते.
बाळाराम त्याच्यासाठी
मूठभर भुसा जास्त टाकतो.