पाणी बाहेर ठेवणारा देश

ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आहेत,
म्हणून मला वाटलं होतं, हा धडा सोपा जाईल.

पुस्तकातली चक्की लाकडी, चार पात्यांची,
पायाशी ट्यूलिपच्या रांगा, पट्टीने आखल्यासारख्या.
खिडकीतली पांढरी, तीन पात्यांची,
पायाशी कुसळं आणि घुटुकड्यांची मेंढरं.
मी म्हटलं, बघा, विंडमिल. त्यांची न् आपली.
सहावीच्या वर्गाने माना हलवल्या.
पुस्तकाशी काही जुळलं की बाई खूश होतात
हे त्यांना पहिलीपासून ठाऊक आहे.

मग ते वाक्य आलं :
द पीपल बिल्ट डाइक्स टू कीप द वॉटर आउट.

डाइक म्हणजे बांध, मी फळ्यावर लिहिलं.
कीप आउट म्हणजे बाहेर ठेवणे.

बिरू घुटुकडे उठला. तो सहसा उठत नाही.
दिवाळीनंतर कळपामागे जातो,
त्याचं निम्मं इंग्रजी कृष्णाकाठच्या शिवारांत सांडलेलं.
"बाई, पाणी भाईर? म्हंजे आत न्हाई?"
आत नाही.
"बांध घालून?"
बांध घालून.
तो बसला, पण डोळे उभेच राहिले.

मी फळ्यावर समुद्राची रेघ ओढली
आणि तिच्या खाली जमिनीची.
समुद्रसपाटी हा शब्द मात्र त्यांना पाठ निघाला :
ढालगाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, तळाला, बारीक अक्षरात.
मिरजेच्या गाडीची वाट बघत सगळ्यांनी तो वाचलाय.
समुद्र कुणी पाहिला नाही,
पण समुद्राने आमचं माप घेऊन ठेवलंय.

कुणी नाही असं नाही. सोनल साळुंखेने पाहिलाय.
बापाची गलाई कोइमतूरला, त्यामुळे ती इंग्रजी वाचते
तेव्हा मधूनच तमिळ बोलल्यासारखी वाटते.
रामेश्वरला पाहिला म्हणाली,
"आणि बाई, सपाट नसतो तो."

हशा झाला. हशा ओसरला तेव्हा
तय्यबा मुलाणी बोलत होती, कुणाशी ते कळेना.
"माझी खाला सांगलीत हाय, कर्नाळ रोडला.
तिच्या भिंतीवर रेघ हाय, माझ्या डोस्क्याच्या वर.
दोनदा रंग दिला, तरी वर येतीया.
तिला इचारा, कीप आउट म्हंजे काय."

बिरूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं,
एखादं परकं गाव पाहावं तसं.
एकच जिल्हा. एकच नाव, दोघांच्या दाखल्यांवर.
इथून गाडीने दोन तास.
मी हॉलंड नकाशावर दाखवायला काठी उचलली होती,
ती हातातच राहिली.

रात्री वह्या तपासल्या.
प्रश्न तिसरा : लोकांनी बांध का घातले?
मार्गदर्शिकेतलं उत्तर एका ओळीचं,
आणि तीस वह्यांत तेच, एका हाताने लिहिल्यासारखं.
बिरूच्या वहीत :
दे हॅव टू मच. वी हॅव बांध टू कीप इन.
टू-ला एक ओ कमी, मचला स्वतःचंच स्पेलिंग,
आणि बांध देवनागरीत, इंग्रजीच्या मधोमध,
रस्त्यात बसलेल्या मेंढीसारखा.
लाल पेन त्याला वळसा घालून गेलं.
गुण दिला. नियमात बसतो का, पाहिलं नाही.

प्रश्न चौथा, गाळलेली जागा भरा :
द डच पीपल आर डॅश.
अपेक्षित शब्द : हार्डवर्किंग.
सोनलने लिहिलं टॉल.
तय्यबाने लिहिलं वेट,
आणि मी हसले, मग हसणं थांबवलं.
बिरूची जागा कोरी.

सकाळी विचारलं, अरे, धड्यात दिलंय की,
तिसऱ्या परिच्छेदात, शोधायचं तर.
तो चप्पल जमिनीवर घासत म्हणाला,
"वाचलं बाई.
पर अजून भेटलो न्हाई."

एक गुण होता त्याला.