शेरा

बहात्तर खुर्च्या. चोपन्न भरल्या तर इंधनाचे पैसे सुटतात,
साठ भरल्या तर पगाराचेही.
नांदेडची सरासरी एक्केचाळीस.
मंगळवारी एकोणीस.

हे मी म्हणत नव्हते, तक्ता म्हणत होता,
मरोळच्या चौथ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत,
जिथून धावपट्टी दिसत नाही,
फक्त टेबलावरच्या ग्लासात पाणी थरथरतं
आणि कळतं, कुणीतरी सुटलं.

त्या एकोणिसांत एक डोळ्यांचे डॉक्टर असायचे,
४ए, सकाळी जाऊन रात्री परत.
तिकीट तीन महिने आधी काढायचे, सर्वांत स्वस्त.
म्हणून तक्त्यात त्यांचं वजन सर्वांत कमी.
आदल्या रात्री अकराला तिकीट काढणारा,
ज्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं,
तो चौपट मोजतो.
आमच्या भाषेत तो चांगला प्रवासी.

दर सोमवारी नांदेडहून माधव पांचाळ आकडे पाठवायचा.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कुणी भरत नाही.
माधव भरायचा.
"दहावीचे पेपर, म्हणून कमी."
"हळदीचा भाव पडला. व्यापारी बसने गेले."
"अमृतसरहून गुरुद्वाऱ्याला आलेले अकरा जण,
परतताना दहा. विचारलं नाही."
आणि एकदा नुसतंच:
"वारा."

कुरियन सर नांदेडबद्दल काही बोललेच नाहीत.
त्यांनी विचारलं, सकाळी सहा चाळीसचा स्लॉट कुणाकडे आहे?
मुंबईत पहाटेचा स्लॉट म्हणजे गिरगावातली पागडीची खोली.
भाडं किरकोळ, पण एकदा सोडली की गेली.
अशा खोलीत, ते म्हणाले,
आपण एक्केचाळीस माणसं ठेवलीयत.
गोव्याला सत्तर बसतील.

आम्ही बंद म्हणत नाही.
हिवाळी वेळापत्रकात नांदेड दिसत नाही,
एवढंच.

माधवचा फोन आला. भांडला नाही.
म्हणाला, मॅडम, ते शेरे वाचत होतं का हो कुणी?
मी हो म्हटलं.
खोटं नव्हतं. एकजण वाचत होती,
आणि तिच्या मताला रकाना नव्हता.

मग एप्रिल. गोवा ओसरला.
दोन इंजिनं दुरुस्तीला गेली ती आलीच नाहीत,
आणि सहा चाळीसची खोली रिकामी पडली.
शंभरातले ऐंशी दिवस वापरली नाही
तर काढून घेतात. बाहेर रांग आहे.
अशा वेळी लोक काय करतात?
गावाकडचा कुणी भाचा आणून झोपवतात.
स्टोव्ह पेटलेला दिसला पाहिजे,
दोरीवर एखादा टॉवेल.

तो भाचा म्हणजे नांदेड.

पत्रकात लिहिलं, प्रवाशांच्या आग्रहास्तव.
ते वाक्य मीच लिहिलं. दोनदा वाचून
"प्रचंड" हा शब्द खोडला.

माधव आता हिंगोली नाक्यावर कुरिअरचं दुकान चालवतो म्हणे.
त्याच्या जागी नवा मुलगा, वेळेचा पक्का.
पहिला आठवडा: सरासरी तेवीस.
शेऱ्यात रेघ.
मंगळवारी ४ए रिकामी.
लोकांनी सहा महिन्यांत दुसरे रस्ते शोधले असणार,
शोधतातच. तेही तक्त्यात येत नाही.

तेवीस? कुरियन सर म्हणाले. चालेल.
ऑक्टोबरपर्यंत खिडकीत दिवा दिसला की झालं.

आज सकाळी मी कालिन्याच्या गच्चीवर होते,
हातात पिळलेली चादर.
सहा पंचेचाळीसला ते वर आलं,
छोटं, पंख्यांचं, आवाज विमानापेक्षा मोठा,
आणि पूर्वेकडे वळलं.
चादरीचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं
तरी मी खिडक्या मोजत होते.

आत उजेड होता.
माणसं नाही दिसत एवढ्या खालून.