पाव फेरा

बाहेर रस्त्यावर मीठ फेकणारी गाडी गेली
आणि तिच्या मागोमाग लेमुएल आत आला,
पेटीची एक कडी तुटलेली, बुटाच्या नाडीनं बांधलेली.
"मिस ओझेला, हा वाजतच नाही.
बोटं सोलून निघतात."

दोन हिवाळे कपाटात, गरम पाइपाला टेकून.
हातात न घेताच कळलं मला:
मान पुढे आलेली,
मांडीवरचं वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसासारखी.

बासच्या चार तारा मिळून
एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढं ओढतात,
रात्रंदिवस, कुणी वाजवो न वाजवो.
मानेच्या पोटात एक सळई असते, ती उलटं ओढते.
एवढंच भांडण आहे सगळं.
पहिला फ्रेट दाबायचा, शेवटचा दाबायचा
आणि मधे तारेखाली डोकावायचं.
एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट पुरे.
इथे माझं जाडजूड नख आरामात गेलं.

चावी लावली. पाव फेरा.
"बस? इतकंच?"
इतकंच. लाकडाला रात्रभर विचार करू दे.
माझ्या जुन्या मालकाच्या हातून, घाईत,
एकदा सळई मोडली होती.
तो आवाज अजून माझ्या दाढेत आहे.

दुसऱ्या दिवशी आणखी पाव.
मान सरळ झाली, तारा मात्र उंचच,
आणि घोडीचे स्क्रू तर केव्हाच तळाला टेकलेले.
मग चार बोल्ट काढले, मान धडापासून सोडवली.
खाचेत एक पुठ्ठा निघाला, तीन घड्या घातलेला,
इतक्या वर्षांत चेपून पापुद्रा झालेला.

लेमुएलनं तो हलक्या हातानं उलगडला.
कारखान्याचं हजेरीचं कार्ड.
हॉलिस टिबॉडो. बुधवार.
आत: पाच अठ्ठावन्न.
बाहेर: कोरं.

"त्या दिवशी गेले कुठे ते?"
मला काय ठाऊक. हॉलिसनं बास माझ्याकडे कधी आणला नाही,
दोन डॉलर वाचवायला स्वयंपाकघरातल्या टेबलावर
लोण्याच्या सुरीनं स्क्रू फिरवणारा माणूस.
मला ठाऊक होता तो त्याचा हात.
रविवारी तिसऱ्या बाकाखालची फळी थरथरायची,
माझ्या आईची छत्री आपोआप घसरून पडायची.

"मेपलची पाचर घालते," मी म्हटलं,
"कार्ड पाकिटात घालून घरी ने.
कागद दमट हवेत फुगतो."
तो काही बोलला नाही.
घड्या होत्या तशाच घातल्या,
आणि कार्ड टेबलावर, बोल्टांच्या वाटीशेजारी ठेवलं.

मग त्याला जुना बास दिला, म्हटलं, वाजव काहीतरी.
मला तुझा हात बघायचाय.
बापाचा हात हातोडा, याचा हात
झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावणारा.
त्या हाताच्या मापानं तारा खाली आणल्या,
सातव्या फ्रेटवर खरखर सुरू होईपर्यंत,
मग तिथून केसभर वर.

उरलं सुरांचं.
बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवायची, मग दाबायची,
दोन्ही वेळा तिनं एकच उत्तर द्यायला हवं.
ए तार दाबली की थोडी चढायची.
घोडी मागे, पुन्हा सूर लाव, पुन्हा दाब.
पाच वेळा. सहाव्यांदा चहा केला.
सातव्यांदा जुळली.

त्यानं वाजवून पाहिलं, चुकला, परत वाजवलं.
माझ्या कपाटातल्या काचेच्या बरण्या किणकिणल्या.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही,
वहीत लिहीत होते:

इ तार सव्वादोन मिलिमीटर, जी तार दोन.
सळई अर्धा फेरा, दोन दिवसांत.
मेपलची पाचर नवी. तिच्याखाली जुनं कार्ड.
हीटर बंद झाले की एप्रिलात पुन्हा बघणे.
पैसे निम्मे आले.
कडी बसवायची राहिली.