समोरच्याचे संवाद

बोल्टनमध्ये आमच्या शेजारी, अठरा नंबरात,
एन्ट्विसल राहायचे.
चेहरा गावभर ओळखीचा, नाव कुणालाच आठवत नसे.
बेकरीतली बाई विचारी,
"आमचा बॉयलर तुम्हीच दुरुस्त केलात ना?"
ते म्हणत, "केला असेल."

चाळीस वर्षांत दोन पाद्री, एक खुनी बटलर,
तोही नाटकात, ब्लॅकपूलला, एका सीझनपुरता,
बाकी सगळे डॉक्टर.
टीव्हीवर दार लोटून येत, चष्मा काढत:
"आम्ही शक्य ते सगळं केलं."
आमच्याकडे चहा पिताना एकदा म्हणाले,
चष्मा आधी, वाक्य नंतर.
उलटं झालं की लोक हसतात.

मॉरीन गेली त्या रात्री कॉरिडॉरमध्ये मी होते.
डॉक्टर पोरगेलासा, हातातलं पेन टिकटिकवत
एका दमात सगळं बोलून मोकळा झाला.
एन्ट्विसल त्याच्याकडे बघत राहिले,
तालमीत नवख्याकडे बघावं तसे, मायेनं.
मग ओठ हलले. नुसतेच.
ह्या बाजूला उभं राहून काय म्हणायचं
ते त्यांना कधी कुणी लिहूनच दिलं नव्हतं.

त्यांनी कोटाचे खिसे चाचपले
आणि चष्मा काढला.