दहा सेकंद

शियाबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर
मयंक भिंतीला खोका ठोकतो,
लाल बटणाचं लॉकेट माझ्या हाती देतो.
"हवे मेसेज बोलो, मासी. दस सेकंड."
पडल्यावर जे सांगायचं, ते आत्ताच.

आत्ता? धडधाकट उभी असताना?
एकतीस वर्षं मुलींची कवायत घेतली मी.
शिट्टी इथंच लोंबायची, या लॉकेटच्या जागी.
फुंकली की दोनशे पाय थांबायचे.

पहिला नंबर लेकाचा. इथं मध्यरात्र, तिथं भर दुपार,
तो नुसता घाबरेल.
दुसरा समोरच्या रसीलाबेनचा.
तिसरा पुतण्याचा, अलकापुरीतल्या,
जो फोन उचलत नाही.

मग पडायचं कुठल्या भाषेत?
ठेच लागते ती मराठीतच.
पण भाजी, भांडण, गॅसचा बाटला,
सगळं इथं गुजरातीत.

"मी प्रमिला खोपकर," म्हणाले,
आणि कुणी "हजर" म्हणेल म्हणून थांबले.
वेळ संपली.
दुसऱ्यांदा खोकला आला.
तिसऱ्यांदा जमलं:
"रसीलाबेन, हुं पडी गई छुं.
चावी तमारी पासे ज छे."
एक सेकंद उरला, त्यात "सावकाश."

चाचणीला बटण दाबलं.
भिंतीपलीकडे घंटी, काहीतरी सांडल्याचा आवाज,
आणि दारात रसीलाबेन,
कोपरापर्यंत कणीक, एकाच पायात चप्पल.

अहो, सकाळीच सांगितलं होतं ना,
अकराला चाचणी आहे म्हणून?

"खबर हती," त्या धापा टाकत म्हणाल्या,
"पण अवाज तो तमारो ज हतो ने!"

मयंकनं कागदावर खूण केली: चालू.